चंडमुखाच्या अंगणातली नदी

एका राज्यात चंडमुख नावाचा मांत्रिक गुरू होता. त्याच्या पाठशाळेत साऱ्यांना पाठ एकच, रीतही एकच. नदीचे शंभर श्लोक, उगमापासून समुद्रापर्यंत, एका दमात म्हणायचे. जो अडखळे, तो दगड होई. अंगणात अशी नव्वद मुले उभी होती.

त्यांत सोनबा होता. कळताच त्याचा धाकटा भाऊ मानाजी घण घेऊन धावला आणि भावाला सोडवायला त्याने घाव घातला. दगडी उजव्या हाताची चार बोटे तुटून पडली. ती ओंजळीत धरून मानाजी तिथेच बसला.

झाडावरची साळुंकी म्हणाली, "शाप घणाने तुटत नाही. गुरूने 'जमणार नाही' म्हणून दारातूनच परतवलेल्या तिघांना सूर्यास्तापूर्वी तोच पाठ शिकव."

"मला अक्षर येत नाही."

"म्हणून तर तुला सांगते."

चंडमुख हसला. "शिकव. सूर्यास्ताला एक जरी चुकला, तर तूही दगड."

तिघे पुढे आले. तोतरी गोदी, आंधळा बिरू आणि एका जागी न बसणारी तुळसा. दाराआड ऐकलेले श्लोक मानाजी घाईने ओरडू लागला. गोदी अडखळली. तिची पावले दगड झाली.

मानाजीने ओरडणे थांबवले. त्याला चिंचोके आठवले. पाटीवर त्याला मोजणी जमेना, तेव्हा सोनबाने ती चिंचोक्यांवर शिकवली होती.

मग त्याने गोदीला श्लोक जात्यावरच्या चालीत दिले. गाताना तिची जीभ अडली नाही. बिरूसाठी ओल्या मातीत नदी कोरली, त्याने ती बोटांनी वाचली. तुळसेला म्हणाला, "हे दगड म्हणजे काठची गावे. एकेका गावाचा श्लोक म्हणत पळ."

सूर्य टेकला, तोवर तिघांचा पाठ पुरा झाला. गुरूने पारखायला विचारले, "संगम कुठे?"

गोदीने गाऊन सांगितले. बिरूने मातीत बोट ठेवले. तुळसा धावत जाऊन सोनबाच्या दगडापाशी थांबली.

उत्तर एकच होते. चंडमुखाची छडी राख झाली, गोदीची पावले मोकळी झाली आणि नव्वद मुलांनी एकदम श्वास घेतला. राजाने हुकूम काढला, "आधी मूल पाहा, मग पाठ बांधा." चंडमुख पहिल्या बाकावर शिकायला बसला.

सोनबाने आपला हात पाहिला. "मान्या, आता लेखणी कशी धरू रे?"

मानाजीने भावाचा डावा हात धरला, मातीवर टेकवला.

"दादा, तुझा पाठ इथून सुरू."

त्या नव्वदांना जशी आपापली वाट मिळाली, तशी ऐकणाऱ्यांच्या लेकरांनाही मिळो.