वाटणी राहिलेलं अंडं

माशांना अजून जबडा फुटला नव्हता आणि सगळे चिखल चोखून पोट भरत, त्या काळातली ही गोष्ट. प्रत्येक अंड्यात शरीर घडवणारे धागे राहत. आधी सगळ्या धाग्यांची नक्कल व्हायची, मग दोन पेशींत सारखी वाटणी. पण एका अंड्यात नक्कल झाली आणि वाटणी राहूनच गेली. सगळे धागे दुप्पट!

कल्ल्यांच्या कमानी घडवणारा थोरला धागा आपल्या जुळ्याला बघून घाबरला. "अरे देवा! एका घरात दोन कारभारी? पिल्लू गुदमरायचं!"

"मग मी जाऊ का, दादा?" धाकट्याने विचारलं.

थोरल्याला राहवेना. "नको. श्वासाचं मी बघतो. तू मोकळा आहेस. तू चुकलास तरी कुणी मरणार नाही."

आणि धाकटा चुकतच राहिला, पिढ्यान् पिढ्या. कधी कमान वाकडी, कधी आखूड. "आयतं खातोय मेला," बाकीचे धागे कुजबुजत.

मग चिखलातलं अन्न संपलं. पिल्लं उपाशी तडफडू लागली. नेमकी तेव्हाच धाकट्याची एक वाकडी कमान तोंडाशी आली आणि बिजागरीसारखी उघडली, मिटली. एका पिल्लाने समोरून जाणारा किडा कचकन पकडला.

थोरल्याचा जीव भांड्यात पडला. "तुला तेव्हा घालवलं असतं तर रे!"

"आणि दादा, एवढ्या पिढ्यांत तू एकदा जरी चुकला असतास तर?"

पिल्लू पोटभर खाऊन, संथ श्वास घेत झोपलं होतं.