कोंबड्याच्या वाटीवरचा हात

एकदा एका वृद्ध वैद्यबुवांच्या ओसरीवर एक आजारी कोंबडा उपचारासाठी आला. वैद्य खरे माणसांचे. पण गाव लहान असलं की बैलाचा खूर काय, म्हशीची कास काय, सगळं एकाच ओसरीवर येतं. कोंबड्याचं नाव हवालदार. पहाटे अवघ्या आळीला उठवण्याचा त्याने विडाच उचलला होता, म्हणून लोकांनी हे नाव ठेवलेलं.

त्याची मालकीण हौसाबाई एकटीच राहायची. ती लेकीच्या घरी बारशाला निघाली होती. तिने कोंबड्याचं डालगं खाली ठेवलं आणि डोळ्याला पदर लावला.

"बुवा, कालपासून हा दाण्याला तोंड लावेना. माझ्या घरात आवाज काय तो याचाच. मी येईपर्यंत सांभाळा त्याला."

बुवांना त्याच वेळी शेजारच्या गावी एका रोग्याकडे जायचं होतं. त्यांनी शिष्याला हाक मारली. "निवृत्ती, हा तुझा पहिला रोगी." आणि ते काठी घेऊन निघाले.

निवृत्ती मोठा मायाळू गडी. त्याने बाजरी भिजवली, ताकात कण्या कालवल्या, भाकरीचा कुस्करा केला. हवालदार चोच मिटून बसला, तर याने ती हलकेच उघडून घास आत सारला. शेजारणी डोकावत, "अगदीच सुकलाय हो बिचारा" म्हणत आणि पदराआडून काहीबाही आणून देत. तेही याने भरवलं. आपल्याकडे कुणी जेवत नाही म्हटलं की सगळ्या आळीला चैन पडत नाही, मग तो पाहुणा असो की कोंबडा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुवा परतले, तेव्हा हवालदाराचा तुरा काळवंडला होता आणि मान जमिनीला टेकली होती. निवृत्ती रडकुंडीला आलेला.

"बुवा, एवढं भरवतोय तरी हा खालीच चाललाय. याचं काही बरंवाईट झालं तर हौसामावशींना काय तोंड दाखवू? एखादं जालीम औषध द्या."

बुवांनी कोंबड्याच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपली. ती दगडासारखी टणक लागली. त्यांनी चोचीत तेलाचे थेंब सोडले, पिशवी हळुवार चोळली आणि डालग्याखाली नुसती पाण्याची वाटी ठेवली. दाण्याचं भांडं मात्र उचलून फडताळात बंद केलं. "झालं औषध. चल, जेवून घेऊ," ते म्हणाले.

निवृत्ती गोंधळला, पण पानावर बसला. पिठलं-भाकरी झाली, भात झाला. बुवांनी आणखी एक भाकरी वाढली.

"पुरे, बुवा."

"माझ्या समाधानासाठी घे."

ती त्याने कशीबशी संपवली. बुवा पुन्हा भात घेऊन आले. निवृत्तीने ताटावर हात आडवा धरला, तर बुवांनी खुशाल त्याच्या बोटांवर भात वाढला आणि वर पिठलं ओतलं. निवृत्तीला आता खरोखरच राग आला. "बुवा, पोट माझं आहे. नको म्हणतोय ते दिसत नाही का तुम्हाला?"

बुवा हसले आणि भांडं बाजूला ठेवून त्याच्यासमोर बसले.

"तुला निदान हात आडवा धरता आला. त्या मुक्या जिवाला हात कुठला? त्याने चोच मिटली. नको म्हणण्याची तेवढीच रीत त्याला ठाऊक आहे, आणि नेमकी तीच चोच तू उघडलीस. आधीचे दाणे पिशवीत तसेच अडकलेत, त्यांच्यावर तू आणखी रचत गेलास. बाळा, त्याला भूक नव्हती. भूक होती तुझ्या काळजीला, आणि तिचं पोट कधी भरत नाही."

निवृत्तीने खरकटा हात धुतला आणि तो डालग्यापाशी गेला. भरवणं सोपं होतं. नुसतं जवळ बसून राहणं त्याला फार जड गेलं. तरी तो बसला. अधूनमधून पिशवी चोळायची, पाणी बदलायचं, एवढंच काम त्याने केलं. सकाळी पिशवी मऊ लागली. पुढे हवालदाराने आपण होऊन वाटीतल्या पाण्यात चोच बुडवली, तेव्हा निवृत्तीचे डोळे भरून आले.

हौसाबाई परतली ती बारशाच्या घुगऱ्या घेऊनच. डालग्याखाली आता दाण्याची एक लहानशी वाटी होती. "वाळला गं बाई माझा राजा," म्हणत तिने मूठभर घुगऱ्या त्या वाटीत टाकायला हात पुढे केला. निवृत्तीने पटकन वाटीवर आपला हात आडवा धरला.

"मावशी, थोडं थांबा. तो मागेल तेव्हा द्या."

हौसाबाईचा हात तसाच थांबला. हवालदाराने मान उंचावली, पंख झाडले आणि भर दुपारी, घोगऱ्या आवाजात का होईना, बांग दिली. हौसाबाई हसता हसता रडू लागली. मग त्याने निवृत्तीच्या बोटांना चोच मारली. निवृत्तीने हात काढून घेतला.

आपणही कुणाला वाढायला वाकाल, तेव्हा ताटाआधी त्याच्या हाताकडे पाहावं.