गाभाऱ्यासमोरचं कासव

फार मागे नदीकाठच्या एका देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव होतं. समुद्रमंथनात मंदार पर्वत बुडू लागला, तेव्हा विष्णूने कासव होऊन तो पाठीवर पेलला, ही कथा त्याने कीर्तनात कितीदा तरी ऐकली होती. म्हणून गर्दीचा पाय पाठीवर पडला की ते कुढायचं.

एके दिवशी ते घंटेला म्हणालं, "ताई, तुला हात लागतात, मला मात्र पाय. आमच्या कुळाने डोंगर पेलला, अन् माझी ही दशा. आता एक जरी पाय पडला, तर मी जमिनीत दडून बसणार."

"बस बाबा," घंटा म्हणाली, "पण आधी दाराकडे बघ."

आंधळी भागाआजी आज एकटीच आली होती. ती खांबाला धडकली, भलत्याच कोनाड्याकडे वळली आणि भांबावून थांबली. मग तिने पाऊल हळूच पुढे सरकवलं. कासवाने नकळत पाठ उचलून धरली.

"लागलं गं बाई कासव," आजी पुटपुटली. वाकून तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तो कपाळी लावला आणि हात जोडले. "म्हणजे देवा, तू समोरच आहेस."

घंटेने विचारलं, "मग, कधी दडायचं?"

"हळू बोल," कासव म्हणालं. "आजीचं देवाशी बोलणं चाललंय."