देवराई आणि साहेबाची मिशी

कोळघर संस्थानच्या डोंगरमाथ्यावर ग्रिफिनसाहेबाला चहाचा मळा करायचा होता, पण आड येत होती देवराई. तिथली वाळकी काटकीही गाव घरी नेत नसे. देवराईच्या कडेलाच राजेसाहेबांपुढे बिनदुधाच्या काळ्या चहाचा पेला ठेवून, मिशीला पीळ भरत साहेब म्हणाला, "ही झाडं कुणी लावलेली नाहीत. आपोआप उगवतं ते कुणाचंच नसतं. तोडा!"

राजेसाहेबांनी चहाचा घोट घेतला. साहेबाच्या मजुरांनी कुऱ्हाडी उचलल्या. देवराई राखणारी चिमा गुरवीण पुढे झाली.

"सायेब, तुमची मिशी कुणी लावली?"

"म्हणजे? ती आपोआपच आली."

चिमा राजेसाहेबांकडे वळली. "मग सरकार, आधी न्हाव्याला बोलवा."

साहेबाचा हात मिशीवर गेला, तो तिथंच राहिला. मजुरांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. राजेसाहेब मिशीतल्या मिशीत हसले. "चहा फक्कड आहे, साहेब. मळा मात्र पलीकडच्या बोडक्या डोंगरावर करा."