केरबाचा परवाना

खडकेवाडीत केरबा खोत नावाचा एक भोळा पोरगा होता. भोळा म्हणजे इतका, की सांगितल्यापेक्षा कणभर कमी करायचा नाही आणि कणभर जास्तही नाही. पाव भाजायचं शिकायला तो जर्मनीला निघाला, तेव्हा आईने एकच बजावलं, "सुलूताईचा शब्द खाली पडू देऊ नगंस." सुलूताई त्याच्या भावकीतली. तीही जर्मनीतच, तो जाणार होता त्याच्या शेजारच्या गावात नर्स होती.

तीन वर्षं झाली. केरबाचा हात असा बसला, की त्याच्या पावासाठी सकाळी रांग लागायची. पण शिकाऊ व्हिसा संपत आला होता. महिनाअखेरपर्यंत कुशल कामगाराचा परवाना मिळाला तर केरबा राहणार, नाहीतर खडकेवाडीची वाट. बेकरीचे म्हातारे मालक म्हणाले होते, "तू राहिलास तर भट्टी तुझी. गेलास तर मी कुलूप लावतो. माझे हात आता चालत नाहीत." ते ऐकून केरबा ढसाढसा रडला होता. त्या भट्टीवर त्याचा फार जीव.

"आधी परवान्यासाठी फोटू काढ," ताई फोनवर म्हणाली. "त्यात हसायचं न्हाई, तोंड उघडायचं न्हाई, नुसतं समोर बघायचं."

फोटो झकास आला. केरबाला वाटलं, जमलं की आपल्याला!

दुसऱ्या दिवशी तो परवान्याच्या कचेरीत गेला. खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "नाव?" केरबा हसला नाही. त्याने तोंड उघडलं नाही. नुसता समोर बघत राहिला. बाईंनी तीनदा विचारलं, मग प्यायला पाणी दिलं, मग पुढची तारीख दिली.

"आरं शहाण्या," ताई म्हणाली, "कुणी इचारायच्या आधीच हसून समदं सांगून टाकायचं!"

"बरं ताई. पुढच्या खेपेला."

पुढची खेप आली ती शेवटच्या परीक्षेची. पास झाल्याचा दाखला असल्याशिवाय परवाना मिळत नव्हता. पेपर वाटून झाले. केरबा हसत उभा राहिला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. पिठात मीठ किती, पीठ फुगायला वेळ किती, भट्टी तापवायची किती. पोरं भराभरा लिहून घेऊ लागली. परीक्षकांनी त्याला दंडाला धरून वेगळ्या खोलीत बसवलं आणि दुसरा पेपर दिला. केरबा पास झाला. त्या वर्षी अख्खा वर्गच पास झाला.

"आरं, आपला कागद कुणाला दावायचा नसतो! छातीशी धरायचा. कुणी मागितला तरी सोडायचा न्हाई!"

"बरं ताई. पुढच्या खेपेला."

पुढच्या खेपेला खिडकीवर बाई म्हणाल्या, "दाखला दाखवा." केरबाने फाईल छातीशी धरली. "मालकांचं नेमणूकपत्र?" केरबाने फाईल शर्टाच्या आत घातली. "निदान पासपोर्ट तरी?"

"मागितलं तरी द्यायचं न्हाई," केरबा अदबीने म्हणाला.

बाईंनी चष्मा काढून पुसला. आता एकच तारीख उरली होती, आणि व्हिसाही त्याच दिवशी संपत होता.

हे ऐकून ताईने कपाळावर हात मारला. मग ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "केरबा, नीट ऐक. खिडकीवर हातात काय बी ठेवायचं न्हाई. जे हातात असंल ते त्या बाईंना द्यायचं, धन्यवाद म्हणायचं, आन् मागं न बघता चालू लागायचं."

"बरं ताई."

त्या दिवशी केरबाने फाईल दिली, पासपोर्ट दिला, छत्री दिली, पोळीभाजीचा डबाही दिला. बाईंनी डबा बाजूला सारून कागद तपासले. सगळे चोख. त्यांनी शिक्का मारला, सही केली आणि हसून नवा परवाना केरबाच्या हातात ठेवला.

केरबाने तो बाईंना दिला, धन्यवाद म्हटलं आणि मागे न बघता चालू लागला.

"अहो! थांबा!" बाई खुर्ची सोडून धावल्या. केरबाला हाका ऐकू येत होत्या, पण मागे बघायचं नव्हतं. जिना, रस्ता, पूल, बाजार. पुढे केरबा आणि मागे बाई, एका हातात परवाना, दुसऱ्यात डबा, काखेत छत्री.

केरबा बेकरीत शिरला आणि पाव विकायच्या खिडकीमागे उभा राहिला. बाई धापा टाकत खिडकीबाहेर आल्या. त्यांनी परवाना सरळ आत बसलेल्या मालकांकडेच दिला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांनी केरबाला दिला.

"पोरा, चाळीस वर्षं जपलं. आजपासून भट्टी, दुकान, सगळं तुझ्या हातात."

केरबाने हाताकडे बघितलं. मग खिडकीकडे बघितलं. खिडकीवर बाई होत्या.

त्याने किल्ल्या बाईंना दिल्या, धन्यवाद म्हटलं आणि मागे न बघता चालू लागला.

संध्याकाळी तो पायीच ताईच्या दारात पोचला. घामाघूम होता, पण चेहरा आनंदाने फुलला होता.

"ताई, ह्या खेपेला तुझा शब्द खाली पडू दिला न्हाई. समदं देऊन आलो."