तिसरा खड्डा

त्या मुलखात कोणीही गुण घेऊन जन्माला येत नसे. अंगात जे यायचं ते झाडातून यायचं. पिल्लू जन्मलं की रोपवाडीत त्याच्या नावानं तीन रोपं लागत, आणि दर पंधरवड्याला तळ्यावर त्याला एक करवंटी पाणी मिळे. ते पाणी तीनपैकी एकाच रोपाला घालायचं. वाटून घालायचं नाही, साठवायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही. अशा एकावन्न करवंट्या झाल्या की पाणी बंद. जे झाड जेवढं वाढलं तेवढा त्याचा गुण अंगात येई. जे वाळलं ते गेलं.

अस्वलांची रोपं वेगळी, खारींची वेगळी. चोरपावलांनी चालणारी जी जात होती, म्हणजे उदमांजरं, मुंगसं आणि वाघाट्या नावाची छोटी रानमांजरं, त्यांची तीन रोपं होती: नखाचं, विषाचं आणि सावलीचं.

नखाचं झाड सरळ आणि काटेरी वाढे. विषाचं बुटकं, काळ्या पानांचं. सावलीचं झाड कसं असतं ते कोणी पाहिलेलं नव्हतं. त्याला एक करवंटी घातली की पानं जात. दुसरी घातली की फांदी जाई. घालणारा घाबरून थांबे आणि म्हणे, रोप मेलं, पाणी वाया गेलं. सगळ्यांचे आईबाप सांगत, तिसऱ्या खड्ड्याकडे बघू नका.

बघायची गरजही नव्हती. रोपवाडीच्या दारात शिळा होती. पूर्वी एका वाघाटीनं घळीतल्या मगरीला एकटीनं पाणी पाजलं होतं. ती गेल्यावर तिच्या झाडांची पेरं, करवंटीमागे एक, मोजून आकडे शिळेवर खोदले होते: नख एकतीस, विष आठ. चोरपावलांचं प्रत्येक पिल्लू त्या शिळेसमोर उभं राहून पाठ करी, नख एकतीस, विष आठ. पुढे उरेल ते पाणी बहुतेक जण नखालाच घालत. नख जास्त झालं म्हणून कोणाचं कधी बिघडलं आहे, असा सगळ्यांचा हिशेब होता.

तिरप्या हा उदमांजर. चालताना मागचा भाग एका बाजूला पडे म्हणून हे नाव. त्यानंही शिळेप्रमाणेच पाणी घातलं. त्याच्या थोरल्या भावानंही घातलं होतं. भावाचं नाव हरण्या. हरण्याच्या नखात त्रेचाळीस करवंट्या होत्या, उन्हात ती आरशासारखी चमकत.

तळ्याला पाणी घळीतल्या झऱ्यातून येई. वर्षभरात झऱ्याच्या तोंडावर दरड साचून ते बंद होई, आणि दर उन्हाळ्यात एक टोळी जाऊन ते मोकळं करी. वाटेत मगर. गेल्या उन्हाळ्यात टोळी गेली, तिच्यात हरण्या होता. टोळी परत आली, झरा मोकळा न करता. हरण्या आला नाही.

तेव्हापासून तळं उतरत होतं. तळं आटलं की रोपवाडीतली झाडं वाळणार होती. झाड वाळलं की गुणही जाणार होता. मग अस्वल म्हणजे नुसता केसांचा ढीग आणि मुंगूस म्हणजे लांब उंदीर. हे सगळ्यांना कळत होतं आणि कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

भाऊ गेल्यावर काही महिन्यांनी तिरप्या शिळेसमोर जाऊन बसला. त्याच्या एकोणचाळीस करवंट्या झाल्या होत्या. शिळेवरच्या इतक्याच. आता उरलेल्या बारा कुठे घालायच्या ते ठरवायचं होतं. त्याला तोंडी हिशेब येत नव्हता. त्यानं खडे मांडले. एकतीस खडे एका रांगेत, आठ दुसऱ्या रांगेत. मग तो थांबला. वाघाटीलाही एकावन्न मिळाल्या असणार. सगळ्यांनाच मिळतात. मग तिच्या बारा कुठे गेल्या?

पाणी मोजून देणारा आणि शिळा खोदणारा एकच होता, दाजी साळिंदर. तिरप्यानं त्याला विचारलं.

"सांडल्या असतील," दाजी म्हणाला.

"बारा?"

"अरे, मोठी माणसं. त्यांचं सांडतं."

"तुम्ही बेरीज केली नाही?"

"बेरीज हे माझं काम नाही. मोजणं माझं काम. जे दिसलं ते मोजलं. तू तुझी करवंटी घे आणि नीघ, मागे रांग आहे."

तिरप्या निघाला तो वाघाटीच्या वाफ्यावर गेला. तो वाफा सगळ्यांनी झाडून सारवून ठेवला होता. दोन जुनी झाडं आणि एक रिकामा खड्डा. आश्विनातली भर दुपार होती. मातीवर पाय ठेववत नव्हता. नखाच्या झाडाला सावली कसली, नुसते काटे. तिरप्या चटके चुकवत, उड्या मारत रिकाम्या खड्ड्यात उतरला आणि उभाच राहिला.

माती गार होती. वर बघितलं तर निळं आभाळ आणि सूर्य. ऊन दिसत होतं, लागत नव्हतं. खड्ड्याच्या कडेनं मुंग्यांची एक रांग जमिनीवरून निघून, कशावर तरी पाय रोवत, हवेत चढत होती.

त्यानं कोणाला सांगितलं नाही. सांगून पटेल असं ते नव्हतं. हातातली करवंटी घेऊन तो आपल्या वाफ्यावर गेला आणि तिसऱ्या रोपाला घातली.

पानं गेली. पुढच्या पंधरवड्याला फांदी गेली. चौथ्या करवंटीला बुंधा दिसेनासा झाला. तिरप्या रोज दुपारी खड्ड्यात पाय घालून बघे. त्याच्या खड्ड्यातली माती शेजारच्या मातीइतकीच तापलेली असे. त्याला वाटे, आपलं चुकलं. पण पाणी परत घेता येत नाही आणि भाऊ परत येत नाही, असं म्हणून तो पाचवी करवंटी घाली.

सहाव्या वेळी तो करवंटी घेऊन निघाला तेव्हा तळ्यावर सगळे जमले होते. पाणी इतकं उतरलं होतं की दाजीला चिखलात उतरून भरावं लागत होतं.

"आला बघा बागाईतदार," दगडू मुंगूस म्हणाला. दगडूच्या नखात त्रेचाळीस होत्या. "काय रे, काय पेरलंयस? खड्डा?"

"खड्ड्याला खड्डे लागणार आता," कोणीतरी म्हणालं.

"इथं घोटाघोटासाठी जीव चाललाय आणि हा मातीत ओततोय," खारीण यमू म्हणाली. ती जखमा बांधणारी. वाईट नव्हती. तिला खरोखर पाण्याची हळहळ वाटत होती. "भावाचं दुःख आहे ते समजतं रे. पण असं नको करू. तुझं नख वाढव."

"वाढवलं होतं त्यानं," तिरप्या म्हणाला आणि निघून गेला. सहावी त्यानं खड्ड्यात घातली. मग सातवी, आठवी. नवव्या करवंटीनंतर एका दुपारी पाय खड्ड्यात टेकवला तर चटका बसला नाही. तो तिथंच बसून राहिला, संध्याकाळपर्यंत.

उन्हाळा वाढला. टोळी ठरवायचा दिवस आला. टोळीची म्होरकी ठकूआक्का अस्वलीण. गेल्या वर्षीही तीच होती. हरण्याला मगरीच्या तोंडातून ओढायचा तिनं प्रयत्न केला होता, त्याची खूण तिच्या खांद्यावर होती. ती प्रत्येकाच्या वाफ्यावर जाऊन झाडं बघत होती. दाजी मागून मोजत होता. तिरप्याच्या एकावन्न करवंट्या त्याच आठवड्यात पुऱ्या झाल्या होत्या.

"नख एकतीस," दाजीनं मोजलं. "विष आठ. तिसरा, रिकामा."

"बाकीचं पाणी?" ठकूआक्कानं विचारलं.

"तिसऱ्यातच आहे," तिरप्या म्हणाला. "आक्का, खड्ड्यात पाय घालून बघा."

ढग आले होते, सगळीकडे सारखंच गार वाटत होतं. आक्कानं पाय घातला आणि काढला.

"माती आहे."

"आक्का, मला न्या."

"तुझ्या आईला मी एकदा तोंड दाखवलंय," आक्का म्हणाली. "दुसऱ्यांदा नाही दाखवणार. हरण्याकडे त्रेचाळीस होत्या तरी तो गेला. तुझ्याकडे एकतीस. आणि वर हे असं डोकं फिरलेलं. दगडू येईल."

"हरण्या त्रेचाळीस असूनही गेला की असल्यामुळे गेला?"

"बस झालं, तिरप्या."

दुसऱ्या दिवशी पहाट झाल्यावर टोळी निघाली. ठकूआक्का पुढे, यमू तिच्या पाठीवर पाल्याची पुडकी घेऊन, मागे दगडू. तिरप्या वाटेच्या कडेला उभा होता. त्याला परत पाठवायला आक्का काहीतरी बोलेल म्हणून तो वाट बघत राहिला. ती त्याच्या अंगावरून गेली आणि काही बोलली नाही. यमूनं त्याच्याकडे तोंड करून जांभई दिली. तेव्हा तो त्यांच्यामागे चालू लागला.

तो लपला नाही. झुडपाआड गेला नाही. दगडूच्या बाजूनं, हातभर अंतरावर, तिरपा तिरपा चालत राहिला. दगडू सबंध वाट बोलत होता, मगरीचं काय करणार आणि शिळेवर आपलं नाव कुठे खोदणार. ओढ्याजवळ ते थांबले. यमूनं तीन बोरं काढून दगडावर ठेवली. तिरप्यानं एक खाल्लं.

"आक्का, दोन घेतलीत का?" दगडूनं विचारलं.

"मी कशाला घेऊ? तूच नीट मोजली नसशील."

घळीच्या तोंडाशी ऊन आलं होतं. दोन्ही बाजूंना उंच कडे, मध्ये डबकं, पलीकडे दरडीनं बुजलेलं झऱ्याचं तोंड. मगर दरडीवर पडली होती, एखाद्या जुन्या ओंडक्यासारखी. आक्कानं खूण केली. ती समोरून जाणार, दगडू कड्याच्या बाजूनं मागे जाणार, असं ठरलेलं होतं.

दगडू चांगला चालला. एक खडाही वाजला नाही. पण कड्याच्या सावलीतून तो उन्हात आला आणि त्याची त्रेचाळीस करवंट्यांची नखं लखलखली. समोरच्या कड्यावर वीस कवडसे नाचले. मगरीनं डोळा उघडला. तिला मान वळवावी लागली नाही, कवडसे बघूनच तिला कळलं कोण कुठे आहे. भावाचं काय झालं ते तिरप्याला त्या क्षणी सबंध दिसलं.

शेपटीच्या एका फटक्यात दगडू कड्यावर आदळला. दुसऱ्या फटक्याच्या आत आक्का मध्ये पडली. मगरीचा जबडा तिच्या जुन्या जखमेच्या खांद्यावरच मिटला. आक्का हलली नाही. हलली असती तर दगडू गेला असता.

तिरप्यानं आपली नखं चिखलात बुडवून काळी केली आणि निघाला. धावला नाही. डबक्याच्या काठानं, उघड्यावरून, भर उन्हात, मगरीच्या डोळ्यासमोरून गेला. तो डोळा त्याच्यावरून फिरला आणि पलीकडच्या दगडावर गेला. सावली खरी आहे की खोटी, ते आणखी चार पावलांनी कळणार होतं. खोटी असेल तर आईला दोन्ही मुलांची बातमी एकाच जागेवरून जाणार होती. तो चार पावलं चालला. मग मगरीच्या जबड्यामागे, जिथं कातडं मऊ असतं, तिथं त्यानं एकतीस करवंट्यांची नखं मुळापर्यंत रोवली. आठ करवंट्यांचं विष आपोआप उतरलं. त्यानं तीनदा मारलं. तिसऱ्या वेळी जबडा सुटला.

मगर डबक्यातून घसरत, खाली, घळीच्या उताराला लागली आणि आपल्याच वजनानं गडगडत दिसेनाशी झाली.

ठकूआक्का रक्तात बसली होती. यमू पाला चावून जखमेत भरत होती आणि रडत होती. आक्कानं डोळे बारीक करून समोर बघितलं. रक्त लागल्यावर तो दिसू लागला होता.

"तू कधी आलास?"

"तुमच्याबरोबरच."

"वाटेत दिसला नाहीस."

"नाही."

"ते बोर?"

"मीच."

आक्का एका खांद्यावर भार देत उठली आणि दरडीला पाठ लावली. तिरप्यानं बाजूचे दगड ओढले. दुपारी झरा सुटला.

तळं भरलं. कड्यावर आदळून शेपूट गमावलेल्या दगडूनं परत आल्यावर सगळ्यांना सांगितलं की मगरीच्या मानेवर तीन जखमा होत्या, हातभर खोल. काय नखं आहेत, तो म्हणाला. नख म्हणजे नखच. तिरप्यानं एकदा सांगितलं की हे सावलीनं झालं. सगळे म्हणाले, दाखव. त्याला दाखवता आलं नाही; त्याला शोधणाऱ्या डोळ्याला तो दिसतच असे. ठकूआक्कानं सांगून बघितलं. सगळे म्हणाले, आक्काचं पुष्कळ रक्त गेलंय.

पंचांनी ठरवलं की तिरप्याच्या नावाची नवी शिळा खोदायची. जुनी झिजली होती. दाजी साळिंदर काटा आणि दगड घेऊन वाफ्यावर आला. मागून चोरपावलांची पिल्लं आली, पाठ करायला. दुपार होती. माती तापून फुफाटा झाला होता. दाजी नखाच्या झाडाखाली बसला, उठला. विषाच्या झाडाखाली बसला, तिथूनही उठला. मग चालत चालत तिसऱ्या खड्ड्यात उतरला, शिळा टेकवली, ऐसपैस मांडी घातली.

"हं, इथं बरं वाटतंय," तो म्हणाला. घाम पुसला. पिल्लंही एकेक करून त्याच्याभोवती खड्ड्यात येऊन बसली. एक जण तर पाठीमागे टेकलं, जिथं टेकायला काही नव्हतं, आणि डोळे मिटून पडलं.

"नख एकतीस," दाजी खोदू लागला. "विष आठ."

पिल्लांनी पाठोपाठ म्हटलं.

तिरप्या वाफ्याच्या कडेला, उन्हात उभा होता. "दाजी, एकावन्न भरतात का बघा."

"मी काय सांगितलं होतं तुला? बेरीज माझं काम नाही." दाजीनं मान वर न करता विचारलं, "तिसऱ्यात काय लिहू?"

ठकूआक्का लंगडत तिथं आली होती. तिनं खड्ड्यात दाटीवाटीनं बसलेल्या पिल्लांकडे बघितलं, मग तिरप्याकडे.

"तुम्हाला दिसतंय ते लिहा," तिरप्या म्हणाला.

दाजीनं आजूबाजूला नीट बघितलं. वर आभाळाकडेही बघितलं. मग गार वाऱ्याची एक झुळूक अंगावर घेत, काट्यानं सावकाश कोरलं: तिसरा, रिकामा.