पोचल्याचा धूर

बसा थोडं. नाळेत, म्हणजे कड्यातल्या या अरुंद घळीत, उतरण्याआधी हे ऐकायचं असतं.

तुम्ही ज्या धबधब्यासाठी पहाटे निघून आलात, त्याला आमच्या सावरदांडात हाकेचं पाणी म्हणतात. सुट्टीच्या दिवशी इथं फोटोला रांग लागते. पण धुकं उतरलं की कडा दिसत नाही आणि पाण्याचा आवाज चारी बाजूंनी येतो. वाट डावीकडं नाळेत वळते. सरळ गेलेला माणूस परत येत नाही. मी लहानू भांगरे, तीस वर्षं लोकांना इथं आणतोय. चुलत्यानं मला सांगितलं तसं सांगतो.

फार पूर्वी घाटावरची माणसं याच नाळेनं कोकणात उतरायची. गावात कुशी आणि खेवजी असं जोडपं होतं. एका श्रावणात खेवजी चुकलेली गाय शोधत इथवर आला आणि धुक्यात सरळ गेला. त्याचं दिवसकार्य झालं तशी कुशीनं या कड्यावर खोप बांधली, म्हणे. भाऊ न्यायला आले, ती गेली नाही. धुकं पडलं की दिवसभर हाक घालायची, "डावीकडं... डावीकडं या."

माणसं आवाजाच्या रोखानं वळायची आणि उतरून जायची. त्यांना ती दिसायची नाही, तिला ती दिसायची नाहीत. पावसाळ्यात ही वाट कोणी परत चढत नसे. त्यामुळं गेलेला पोचला की नाही, हे तिला कधीच कळायचं नाही. अशी अठरा वर्षं गेली, असं सांगतात.

मग एका पावसात ठमा नावाची सून तान्हं लेकरू पाठीला बांधून माहेरी निघाली. हाक ऐकून ती वळली, पण उतरली नाही. आवाज शोधत खोपीत आली. इतक्या वर्षांत आत आलेलं ते पहिलंच माणूस.

"मावशी, तू इथं एकटीच?"

"माणसं येतात की."

"येतात कुठं? जातात."

कुशीनं चुलीत लाकूड सारलं. लेकराचे पाय चुलीशी शेकले, ठमाला नाचणीची पेज दिली. निघताना खोपीच्या आतल्या बाजूचं कोरडं गवत उपसून तिच्या पदरात बांधलं.

"खाली पठारावर पोचलीस की एवढं पेटव. धुकं घटकाभर तरी फाटतंच. मी बघत बसेन."

ठमा हो म्हणाली. पण उतरेपर्यंत लेकरू तापलं होतं. तिनं माहेर गाठलं, आईच्या गळ्यात पडली, लेकराचा ताप उतरेपर्यंत जागी राहिली. चौथ्या दिवशी ऊन पडलं. ओलं लुगडं वाळत घालताना पदराची गाठ हाताला लागली.

ती तशीच पठारावर धावली. गवत पेटवलं, धूर सरळ वर गेला. कड्यावर कोणी उभं नव्हतं.

ठमाचा भाऊ नाळेनं वर चढला. खोपीत चूल विझून गार पडली होती. परतताना त्याला ओढ्याच्या काठी, करवंदीत अडकलेली कुशीची घोंगडी सापडली. धूर दिसला नाही म्हणून कुशी ठमाला शोधायला उतरली होती. अठरा वर्षांत ती पहिल्यांदाच कडा सोडून खाली आली, आणि ओढा तिला घेऊन गेला, म्हणे.

ठमानं ती घोंगडी शेवटपर्यंत कोणाला पांघरू दिली नाही. जगली तोवर दर पावसात त्या पठारावर जात होती.

धुक्यात अजून हाक ऐकू येते, असं काहीजण सांगतात. मला कधी आली नाही. मी थांबून ऐकलंय.

हे घ्या, प्रत्येकी मूठभर गवत. पिशवीत कोरडं ठेवा. आजही पठारावर पोचलेला माणूस आधी धूर करतो. वर बघायला कोणी नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी धूर कड्याच्या उंचीला लागेपर्यंत आमच्यातलं कोणी घराकडं वळत नाही.